'व्होलटाइल' मुळापासून शिक

'व्होलटाइल' (volatile) या इंग्रजी शब्दासमोर नुसतं 'अस्थिर' असं वहीत लिहून पुढे जाऊ नकोस. मूळ लॅटिन क्रियापद 'वोलारे', म्हणजे उडणं. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द चक्क पक्ष्यांसाठी, पंखवाल्या जिवांसाठी वापरत. पुढे तो रसायनात आला, हवेत उडून जाणाऱ्या द्रव्यांसाठी: आपलं पेट्रोल, स्पिरिट. 17व्या शतकात माणसाच्या चंचल स्वभावाला चिकटला, बाजारभावाला तर त्याच्याही बऱ्याच नंतर. हा क्रम डोक्यात बसला की अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

शेअर बाजाराच्या बातमीत मात्र जपून. तिथे व्होलटाइल म्हणजे पडलेला बाजार नव्हे. झपाट्याने चढणंही त्यात येतं. नवशिके इथेच हमखास फसतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. संगणकाची रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, तीही व्होलटाइल: वीज गेली की त्यातलं सगळं गेलं.

आणि नुसत्या दिसण्यावर जाऊ नकोस, दर वेळी व्युत्पत्तिकोश उघड. 'व्हॉलीबॉल'मधला 'व्हॉली' याच 'वोलारे'चा. पण 'रिव्हॉल्व्ह' आणि 'व्हॉल्यूम' वेगळ्या घरचे. ते आले 'वोल्वेरे'वरून, म्हणजे फिरवणं, गुंडाळणं. 'व्हॉल्यूम' म्हणजे मुळात गुंडाळून ठेवलेली पोथी.