राउटर दुरुस्त करावा की नवा घ्यावा

प्रिय चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. लाकडात खाचा आणि गोलाई कापणाऱ्या तुझ्या राउटर यंत्रातून ठिणग्या उडतात, सागवानाच्या चौकटीवर गोलाई काढताना तो मध्येच दमतो आणि एकदा बिट, म्हणजे कापणारे पाते, आपोआप खाली सरकून खाच खोल गेली, असे तू लिहिले आहेस. दुकानदार नवा घे म्हणतो, गावातला वायंडिंगवाला आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता गाभा, नवी तार गुंडाळून भरून देतो म्हणतो, आणि तू या दोघांच्या मध्ये अडकला आहेस. माझ्या मते या दोघांपैकी कोणाचेही ऐकण्याआधी यंत्र उघडून दोष नेमका कोणत्या भागात आहे ते तू स्वतः पाहावेस. तुझ्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी असू शकतात, आणि त्यांतली दोन तरी किरकोळ खर्चात सुटण्यासारखी आहेत.

सरकणाऱ्या बिटापासून सुरुवात कर, कारण बाकीचे दोष काम बिघडवतात, पण हा हात जायबंदी करू शकतो. प्लग काढून कोलेट, म्हणजे बिटाची दांडी आवळून धरणारी चिरा असलेली नळी, बाहेर काढ आणि थिनर व पितळी ब्रशने आतला राळेचा व भुशाचा थर खरवड. सागवानाचे तेल उष्णतेने तिथे चिकटून बसते आणि पकड ढिली करते. मग बिटाची दांडी व्हर्निअरने, म्हणजे बारीक जाडी मोजणाऱ्या मापपट्टीने, मोज. आपल्याकडे 6 मिलिमीटरची आणि पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरची, दोन्ही बिटे एकाच काउंटरवर मिळतात. डोळ्यांना ती सारखीच दिसतात, पण पाव इंची कोलेटमध्ये 6 मिलिमीटरची दांडी कितीही आवळली तरी भरवशाची बसत नाही. 12 मिलिमीटर आणि अर्ध्या इंचाच्या, म्हणजे 12.7 मिलिमीटरच्या, जोडीतही हीच गफलत होते. बिट तळापर्यंत टेकवून मग दोन-तीन मिलिमीटर वर घ्यावे आणि त्यानंतरच नट आवळावा. इतके करूनही ते सरकले तर कोलेट झिजलेले समज आणि त्याच कंपनीचे नवे घे. त्यासाठी अख्खे यंत्र बदलण्याचे कारण नाही.

आता शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरता दांडा, पाहा. माझ्या दृष्टीने सगळा निर्णय त्याच्यावर टेकलेला आहे. बहुतेक राउटरमध्ये कोलेट ज्या उतरत्या तोंडात बसते ते तोंड आर्मेचरच्या शाफ्टवरच कापलेले असते, म्हणून ते खराब झाले की मोटरचा गाभाच बदलावा लागतो. कोलेटमध्ये एक सरळ, घासून गुळगुळीत केलेली दांडी बसवून तालुक्याच्या लेथवाल्याकडून डायल गेज, म्हणजे डगमग मोजणारे काट्याचे माप, लावून घे. शाफ्ट हाताने फिरवताना कोलेटच्या तोंडापाशी काटा 0.05 मिलिमीटरच्या आत हलला तर शाफ्ट निरोगी आहे. एक दशांश मिलिमीटरच्या पुढे गेला तर आधी बेअरिंगचा संशय घे, आणि बेअरिंग बदलूनही तितकाच राहिला तर शाफ्ट वाकलेला किंवा त्याचे तोंड झिजलेले आहे हे मान्य कर.

बेअरिंगची परीक्षा कानांनी आणि बोटांनी होते. शाफ्ट हाताने फिरवताना खरखर लागली किंवा आडवा हलवताना ढिलाई जाणवली, की दोन्ही बेअरिंग एकदम बदलावीत. भुशाच्या कामात रबरी सील असलेलीच बेअरिंग घ्यावीत आणि ती ओळखीच्या दुकानातून घ्यावीत, कारण मोठ्या कंपनीच्या छापाखाली नकली माल सर्रास विकला जातो आणि मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेऱ्यांवर तो टिकत नाही.

ठिणग्यांना घाबरू नकोस, पण त्या नीट पाहा. फिरत्या गाभ्याला टेकून वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या टोकाशी बारीक निळसर ठिणगी दिसणे या जातीच्या मोटरमध्ये स्वाभाविक आहे. कॉम्युटेटरभोवती, म्हणजे कार्बन टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याभोवती, ठिणग्यांची पिवळी, लांब कडी फिरताना दिसली तर मात्र आतमध्ये बिघाड आहे. कार्बन पाच-सहा मिलिमीटरच्या खाली झिजला असेल तर जोडी एकदम बदल, काही मिनिटे यंत्र बिनभाराचे चालव आणि पुन्हा बघ. कडी तशीच राहिली तर मल्टीमीटरने कॉम्युटेटरच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला रोध मोज. सगळीकडे आकडा जवळपास सारखा यायला हवा. एखाद्या जोडीत तो एकदम खाली किंवा वर गेला तर तिथली वायंडिंग गेली आहे.

अशा वेळी गावातच आर्मेचर भरून घेण्याचा मोह होतो, आणि मी तुला त्यापासून आग्रहाने परावृत्त करीन. आपले वायंडिंगवाले विहिरीवरच्या पंपाची मोटर उत्तम भरतात, पण ती मिनिटाला 1,440 किंवा 2,880 फेऱ्यांच्या आसपास फिरते. राउटरचे आर्मेचर त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरते आणि भरल्यानंतर त्याचा तोल यंत्रावर साधावा लागतो. तोल साधला नाही तर कंपाने नवी बेअरिंग लवकरच खराब होतात आणि लाकडावर लाटा उठतात. म्हणून आर्मेचर गेले असेल तर कंपनीचे तयार आर्मेचर किती दिवसांत आणि किती रुपयांत मिळते ते नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला विचार. आर्मेचर, बेअरिंग, कार्बन आणि मजुरी मिळून तितक्याच ताकदीच्या नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीपेक्षा कमी खर्च येत असेल, आणि यंत्राची बॉडी व वर-खाली करण्याचे दांडे शाबूत असतील, तर दुरुस्ती कर. निम्म्याच्या वर गेला, किंवा सुटे भाग येणे बंद झाले असेल, तर नवे घे. स्वस्तातल्या हुबेहूब नकलेकडे मात्र वळू नकोस, कारण तिचे कोलेट आणि कार्बनसुद्धा पुढे मिळण्याची शाश्वती नसते.

नवे घेतलेस तरी एक प्रश्न शिल्लक राहतो, तो म्हणजे पहिले यंत्र मेले कशाने. संध्याकाळी तुझ्या शेडमध्ये किती व्होल्ट येतात ते मोज. 230 ऐवजी 180 येत असतील तर मोटरची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटते, तिचा पंखा मंदावतो, आपण वरून आणखी जोर लावतो आणि वायंडिंग भाजते. त्यात मे महिन्यात चंद्रपूरकडचा पारा 45 अंशांच्या वर आणि डोक्यावर पत्रे, म्हणजे थंड व्हायला हवाच उरत नाही. अवजड काम सकाळी कर आणि एका दमात खोल न कापता तीन-चार फेऱ्यांत काप. बिटाची धार तपासत राहा, कारण सागवानातली सिलिका ती लवकर बोथट करते आणि बोथट बिट मोटरवरचा भार वाढवते. यंत्र दमण्याचे तुझे दुखणे इथेच असण्याचा संभव मला सर्वांत अधिक वाटतो. पावसाळ्यात महिनाभर पडून राहिलेले यंत्र ऊन दाखवल्याशिवाय आणि मेगरने, म्हणजे आवरणातून वीज गळते का ते दाखवणाऱ्या मीटरने, तपासल्याशिवाय चालवू नकोस. मेगर 1 मेगाओमच्या खाली दाखवत असेल तर ते हातात धरण्याच्या लायकीचे नाही.

पैशांबद्दल तू विचारले आहेस. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. तिच्यात अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंतचे कर्ज 5 टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. अर्जाची ग्रामपंचायतीत पडताळणी होते आणि त्याला वेळ लागतो. अर्ज अवश्य कर, पण लग्नसराईच्या पलंगांचे काम त्याच्या भरवशावर अडवून धरू नकोस.

कोलेट साफ करून, डायल गेजचा आणि पट्ट्यांच्या रोधाचा आकडा मला कळव, आणि आर्मेचरचा भावही सोबत लिही. तोवर मोठे बिट त्या यंत्राला लावू नकोस. चौकटीची गोलाई हातरंध्याने काढून दे, चार दिवस जास्त लागले तरी चालतील.

तुझा शुभचिंतक