वाचकांचे प्रश्न : इंधन पंपासाठी कंपनीने गाडी परत बोलावली तर

प्रश्न (सातारा) : माझी २०१९ सालची पेट्रोल मोटार मी २०२२ मध्ये पहिल्या मालकाकडून विकत घेतली. त्या वर्षातील काही गाड्या इंधन पंप बदलण्यासाठी कंपनीने परत बोलावल्या आहेत, असे एका स्नेह्यांकडून समजले. मला मात्र पत्र किंवा संदेश आलेला नाही. वॉरंटी संपली आहे. आमचे नेहमीचे मेकॅनिक म्हणतात, गाडी उत्तम चालते आहे, उगाच टाकी उघडू नका. दर महिन्याला कुंभार्ली घाटातून चिपळूणला जावे लागते. काय करावे?

उत्तर : पत्र न येण्याचे कारण बहुधा अगदी साधे असेल. कंपनीच्या दफ्तरी अजूनही पहिल्या मालकाचाच पत्ता आणि मोबाइल क्रमांक असणार. आरटीओत नाव बदलल्याने वितरकाच्या नोंदीतले नाव आपोआप बदलत नाही, आणि हस्तांतरणाच्या फॉर्म २९ व ३० मध्ये रिकॉलसंबंधी रकानाही नाही. रिकॉल मात्र गाडीला लागू होतो, तिच्या मालकाला नव्हे. त्यामुळे आपण दुसरे मालक असलात किंवा वॉरंटी संपलेली असली, तरी सदोष भाग विनामूल्य बदलून मिळण्यात त्याने अडचण येत नाही.

सर्वप्रथम आरसीवरील सतरा अक्षरांचा व अंकांचा चॅसिस क्रमांक घ्या आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील रिकॉलच्या पानावर तो घालून पाहा, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला तो देऊन लेखी उत्तर मागा. मॉडेलचे नाव आणि वर्ष यांवरून निष्कर्ष काढू नका, कारण एकाच महिन्यात तयार झालेल्या दोन गाड्यांपैकी एक यादीत असू शकते आणि दुसरी नसू शकते. सदोष भाग कोणत्या खेपेतला होता आणि तो कोणत्या गाडीत बसला, यावर सारे ठरते.

मेकॅनिकच्या सल्ल्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हाच युक्तिवाद सर्वत्र ऐकू येतो. आजच्या पेट्रोल मोटारींत विजेवर चालणारा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्यातले इंपेलर नावाचे लहानसे प्लॅस्टिकचे चक्र अतिशय वेगाने फिरून इंधन दाबाने इंजिनाकडे ढकलते. हे चक्र साच्यात घडवताना त्याच्या प्लॅस्टिकची घनता कमी राहिली, तर ते पेट्रोल शोषून हळूहळू फुगते, भोवतालच्या कवचाला घासू लागते आणि शेवटी अडकते. डेन्सो या जपानी पुरवठादाराच्या अशाच पंपांमुळे २०२० पासून जगभर टोयोटा, होंडा आणि इतर अनेक कंपन्यांच्या गाड्या परत बोलावल्या गेल्या. फुगण्याची ही क्रिया अनेक वर्षे चालू शकते आणि तोवर गाडी खरोखरच उत्तम चालते. कधी सुरू होण्यास वेळ लागणे, चढावर ओढ कमी होणे किंवा मागील आसनाखालून बारीक कण्हल्यासारखा आवाज येणे अशी पूर्वसूचना मिळते, कधी काहीच मिळत नाही. त्यामुळे कितीही अनुभवी मेकॅनिक असला, तरी केवळ आवाज ऐकून पंप निर्दोष असल्याचे तो सांगू शकणार नाही.

भारतात अशी उदाहरणे थोडी नाहीत. होंडाने जून २०२० मध्ये ६५,६५१, एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०,४६८ गाड्या इंधन पंपासाठी बोलावल्या. मारुती सुझुकीने जुलै २०२० मध्ये वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या बोलावल्या, आणि मार्च २०२४ मध्ये याच दोन मॉडेलांच्या आणखी १६,०४१ गाड्या पंपाच्या मोटारीसाठी बोलावल्या. दुसऱ्या खेपेतील गाड्या ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात तयार झालेल्या होत्या, म्हणजे पहिल्या रिकॉलच्या कालावधीतच जवळजवळ पूर्णपणे बसणाऱ्या. तेव्हा २०२० मध्ये क्रमांक तपासून निर्धास्त झालेल्या मालकालाही २०२४ मध्ये तो पुन्हा तपासणे भाग होते. आपली गाडी २०१९ सालची असल्याने आपणही दर सहा महिन्यांनी क्रमांक घालून पाहावा, असे मी सुचवीन.

या निवेदनांमध्ये ‘क्वचित प्रसंगी इंजिन बंद पडू शकते’ असे सौम्य वाक्य असते. वाक्य खरे आहे, पण इंजिन अंगणात बंद पडणे आणि कुंभार्लीच्या वळणावर मागे मालट्रक असताना बंद पडणे यांत फार अंतर आहे. म्हणून पुढच्या फेरीपूर्वीच दुरुस्ती करून घ्यावी. तोवर प्रवास अटळ असेल, तर पुढील गोष्टी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. इंजिन बंद पडल्यावरही ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत एखाद-दोन दाबांपुरती शिल्लक असते, त्यामुळे ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच ठामपणे आणि दाबून धरावा. स्टिअरिंग जड होऊ शकते, पण ते फिरते. चावी मात्र काढू नये, अन्यथा स्टिअरिंग कुलूपबंद होईल. धोक्याचे दिवे लावून गाडी डावीकडे घ्यावी आणि प्रवाशांना रस्त्यापासून दूर उतरवावे.

सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्डावर ‘ग्राहकाची तक्रार’ असे मोघम न लिहिता रिकॉल मोहिमेचा संदर्भ, बदललेल्या भागाचा क्रमांक आणि ‘आकारणी शून्य’ हे स्पष्ट लिहून घ्या. बहुतेक मोटारींत मागील आसन उचलून, त्याखालचे झाकण काढून पंप बाहेर काढला जातो, आणि तो परत बसवताना त्याचे सील नवे घालणे आवश्यक असते, हे आवर्जून विचारा. ‘आधी सशुल्क सर्व्हिसिंग करा, मग रिकॉलचे पाहू’ अशी अट कोणी घातली, तर ती मान्य करू नका. नवा पत्ता आणि मोबाइल क्रमांक त्याच भेटीत नोंदवून टाका, म्हणजे पुढचे पत्र आपल्यालाच येईल.

प्रश्न (ठाणे) : टाकी पूर्ण भरल्यावर एक-दोन दिवस मोटारीत आणि सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो. गाडी रिकॉलच्या यादीत असल्याचे सर्व्हिस सेंटरने मान्य केले, पण सुटे भाग तीन आठवड्यांनी येतील, तोवर गाडी वापरण्यास हरकत नाही, असे फोनवर सांगितले. सोसायटीचे सचिव गाडी आत ठेवू देत नाहीत.

उत्तर : या प्रकरणात सचिव बरोबर आहेत.

पंप बंद पडण्याचा दोष आणि इंधन गळण्याचा दोष यांची गल्लत करता कामा नये. पहिल्यात गाडी थांबते, तर दुसऱ्यात ती पेटू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळघरात जमिनीलगत साचते, सहज विरून जात नाही, आणि तिला पेटण्यासाठी एखाद्या स्विचची किंवा पंपाच्या मोटारीची ठिणगीही पुरते. त्यामुळे गाडी तळघरात ठेवू नये, चालू करू नये आणि वास येत असताना चालवत सर्व्हिस सेंटरपर्यंत नेऊ नये. ती ढकलून मोकळ्या जागी आणावी आणि पुढे क्रेनने किंवा फ्लॅटबेडवरून न्यावी. खाली पेट्रोल ठिबकताना दिसले, तर परिसर मोकळा करून अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर कळवावे. त्याबद्दल संकोच वाटण्याचे कारण नाही.

वास टाकी पूर्ण भरल्यावरच येतो, हे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे आणि ते तक्रारीत पहिल्याच ओळीत लिहा. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुतीने सुमारे एक लाख ए-स्टार गाड्या बोलावल्या, त्या पंपाच्या गॅस्केटसाठी. टाकी काठोकाठ भरल्यावर तेथून इंधन पाझरण्याची शक्यता होती. एप्रिल २०१४ मध्ये त्याच कंपनीने एर्टिगा, स्विफ्ट आणि डिझायर मिळून १,०३,३११ गाड्या इंधन भरण्याच्या नळीचा भाग बदलण्यासाठी बोलावल्या. तेथेही नोझल आपोआप बंद झाल्यानंतर आणखी इंधन घातल्यास वास येणे आणि क्वचित गळती होणे, असे स्वरूप होते. आपल्याकडे नोझल ‘टक्’ करून थांबल्यावरही रक्कम पूर्ण आकड्यात आणण्यासाठी पंपावरचा कर्मचारी आणखी पेट्रोल घालत राहतो आणि आपणही त्याला थांबवत नाही. रिकॉल असो वा नसो, ही सवय सोडावी. तथापि, टाकी अर्धी ठेवल्याने वास थांबला म्हणून गाडी सुरक्षित झाली असे मात्र समजू नका. गळतीची जागा तशीच असते, केवळ इंधन तिथवर पोहोचत नाही.

‘वापरण्यास हरकत नाही’ हे आश्वासन फोनवरचे आहे. सर्व्हिस मॅनेजर आणि कंपनीचा ग्राहक विभाग या दोघांना आजच ई-मेल करा. त्यात वासाचे वर्णन द्या, गाडी चालवणे सुरक्षित आहे का याचे लेखी उत्तर मागा, आणि गाडी कंपनीच्या खर्चाने उचलून नेण्याची व भाग येईपर्यंत पर्यायी वाहन देण्याची विनंती करा. पर्यायी वाहन देण्याचे बंधन कायद्यात स्पष्ट शब्दांत नाही. परंतु इंधन गळत असल्याची लेखी सूचना मिळाल्यावर ‘खुशाल चालवा’ असे लिहून देण्याची जोखीम सहसा कोणी पत्करत नाही, आणि तीन आठवड्यांचा भाग अशा पत्रानंतर लवकर येतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. दरम्यान, बाहेरच्या गॅरेजमध्ये सीलंट लावून गळती बुजवण्याचा प्रयत्न कटाक्षाने टाळा.

प्रश्न (नाशिक) : माझ्या मोटारीचा इंधन पंप २०२२ मध्ये बिघडला. तो मी स्वतः पैसे भरून बदलून घेतला. आता त्याच पंपासाठी रिकॉल जाहीर झाला आहे. मला पैसे परत मिळतील का? आणि सदोष गाडी विकल्याबद्दल गाडीची पूर्ण किंमत मागता येते का?

उत्तर : पैशांआधी एक काम करा. आपण बदललेला पंपही त्याच सदोष खेपेतला असू शकतो. होंडाच्या २०२४ च्या रिकॉलमध्ये, ज्या गाड्यांत हा भाग पूर्वी सुटा भाग म्हणून बसवला गेला होता अशा २,२०४ गाड्यांचाही वेगळा उल्लेख होता. तेव्हा ‘माझा पंप बदलून झाला आहे’ म्हणून घरी बसू नका. जुनी पावती आणि चॅसिस क्रमांक घेऊन तपासणी करून घ्या.

भरलेल्या रकमेसाठी पावतीची प्रत जोडून कंपनीकडे लेखी मागणी करा. पावती अधिकृत केंद्राची असेल तर बाजू भक्कम होते, कारण दोष कोणता होता याची नोंद कंपनीच्याच संगणकात असते. नकार आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवा आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे तेथे चालतात, पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही आणि आपण राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ते कारण पंप बिघडला तेव्हा घडले की दोष जाहीर झाला तेव्हा, यावर वाद होऊ शकतो. म्हणून रिकॉलच्या घोषणेची तारीख जपून ठेवा आणि वकिलाचा सल्ला लवकर घ्या.

पूर्ण किंमतीविषयी अपेक्षा थोडी आवरती घ्यावी लागेल. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०अ नुसार केंद्र सरकार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते, आणि अशा वेळी उत्पादकाने पूर्ण किंमत परत द्यावी, किंवा तशीच अथवा अधिक चांगली गाडी द्यावी, किंवा दुरुस्ती करून द्यावी, असे पर्याय आहेत. शब्द ‘किंवा’ हा आहे. पंपासारखा सुटा भाग बदलून दोष जात असेल, तर दुरुस्तीचाच मार्ग धरला जातो. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत अशा सक्तीच्या रिकॉलसाठी १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे आणि ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना लागू होतात. कंपनीने आपणहून दोष कळवून रिकॉल सुरू केल्यास मात्र हा दंड होत नाही. कंपन्या आपणहून पुढे येतात त्यात सद्भावनेबरोबर या तरतुदीचाही वाटा असावा, असे मला वाटते. २०२१ पूर्वी तर वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेची २०१२ ची ऐच्छिक संहिता एवढाच काय तो आधार होता.

दुरुस्तीनंतरही तोच बिघाड पुन्हा झाला, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाच्या प्रकरणाखाली, दोषामुळे झालेल्या इजेची किंवा इतर मालमत्तेच्या हानीची भरपाई मागता येते. केंद्राच्या ‘वाहन’ पोर्टलवर वाहनदोषाची तक्रार नोंदवण्याची सोय आहे, तीही वापरावी. ठरावीक संख्येने तक्रारी आल्यावरच चौकशीचे चक्र फिरते, त्यामुळे एकट्याच्या तक्रारीने काय होणार, असे म्हणून ती टाळू नये.

प्रश्न (मडगाव) : हे सर्व पंप इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे बिघडत आहेत, असे सांगितले जाते. ते खरे आहे का?

उत्तर : वर उल्लेखिलेल्या रिकॉलांपुरते तरी नाही. सदोष पंप २०१७ ते २०२० या काळातील गाड्यांत बसले होते, तेव्हा वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर मिळत नव्हते, आणि इंपेलरचा दोष घडणीतला होता. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि गॅस्केट यांचा प्रश्न वेगळा आहे. साधारण २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही जुन्या वाहनांत असे भाग बदलावे लागू शकतात, असे केंद्र सरकारनेही २०२५ मध्ये म्हटले आहे. तो देखभालीचा खर्च असून तो आपल्यालाच करावा लागेल. गाडी रिकॉलच्या यादीत असेल, तर मात्र ‘इंधनच तसे आहे’ हे उत्तर सर्व्हिस सेंटरकडून ऐकून घेण्याचे कारण नाही.