हिवाळ्यानंतरच्या पहिल्या उड्डाणाआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

हँगरमध्ये हिवाळाभर ग्लायडरचे पंख घासून हात सोलले, असं तू लिहिलंस. जर्मनीतल्या क्लबात ते कुणालाच चुकत नाही. आता मार्च लागला, उडायची घाई झाली आणि इन्स्ट्रक्टरबरोबरची चेक फ्लाइट तुला अडसर वाटतेय. लायसन्स गेल्या ऑगस्टमध्ये मिळालं, मग पुन्हा परीक्षा कशाला, हा तुझा प्रश्न.

नियम फार मागत नाही. मागच्या २४ महिन्यांत ५ तास, १५ लाँच आणि त्यात इन्स्ट्रक्टरबरोबर २ उड्डाणं झाली असली की युरोपात लायसन्स चालतं. क्लब त्यावर समाधान मानत नाहीत, ते बरंच आहे. मी हडपसरला शिकलो तेव्हा खंड पावसाळ्याचा असायचा; तुझ्याकडचा हिवाळा त्याहून लांब. त्यात एप्रिलची हवा लबाड. थंड फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडी, सरकून गेला की आकाश सुरेख दिसतं, थर्मल (वर चढणारे गरम हवेचे झोत) जोरकस आणि अरुंद असतात, वारा मध्येच झोत मारतो. हात सगळ्यात गंजलेले असतात नेमके तेव्हाच हवा सगळ्यात आडदांड.

म्हणून माझं सांगणं एवढंच की त्या दिवशी छान उडून दाखवायला जाऊ नकोस. मागे बसणाऱ्या इन्स्ट्रक्टरला आधीच सांग, अमुक गोष्टीची धास्ती वाटते, तमुक विसरल्यासारखं झालंय. आणि लाँचमध्ये ग्लायडर ओढणारी केबल तुटण्याचा सराव मागून घे, तोही कधी होणार ते न सांगता.

विंचवर, म्हणजे जमिनीवरचं यंत्र केबल गुंडाळून ग्लायडर ओढतं त्यावर, तुमची दोनआसनी एएसके २१ काही सेकंदांत जमीन सोडते आणि थोड्याच वेळात नाक आभाळाकडे. तिथे केबल गेली की वेग झपाट्याने गळतो. स्टिक पुढे, म्हणजे नाक खाली, हे सगळ्यांना पाठ असतं. हातातून निसटतं ते त्यानंतरचं. नाक खाली आलं म्हणजे वेग आला असं नव्हे. अंग हलकं होतं, पोटात गोळा येतो, आणि ती स्टॉलचीच (वेग कमी पडून पंखांची उचल जाण्याची) खूण समजून काही जण स्टिक आणखी ढकलत राहतात. तसं करायचं नाही. नाक उतरण्याच्या कोनात धरून ठेव आणि वेगाचा काटा ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येईपर्यंत वाट पाहा. तोवर वळण नाही, एअरब्रेक (उतरताना पंखांतून उघडायचे फळे) नाही. मग केबल सोडायची पिवळी मूठ ओढून उरलेला दोर सोड. पुढे मैदान पुरेसं असेल तर सरळ उतर. उगाच सर्किट, म्हणजे मैदानाभोवतीची फेरी, पूर्ण करायचा मोह नको. हे थांबणं मोजून दोन-तीन सेकंदांचं, पण पाच महिन्यांनी ते फार लांब वाटतं.

लाँच सुरू होताना डावा हात त्या पिवळ्या मुठीवरच हवा. पंख कलायला लागला आणि सावरेना, तर तो गवताला टेकण्याआधी मूठ ओढायची. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने २००५ मध्ये विंच लाँचच्या सुरक्षिततेची मोहीम सुरू केली, तिचाही यावर मोठा भर होता.

चुकण्याची दुसरी जागा उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणाची. उंची कमी, धावपट्टी मागे चाललेली, पंख जास्त कलवायला मन धजत नाही, आणि पाय नकळत रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) जास्त दाबतो. कॅनोपीवरच्या, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावरच्या, लोकरीच्या दोऱ्याचं टोक वळणाच्या आत झुकलं की समज, रडर जास्त झालं. एएसके २१ असल्या चुका पोटात घालते, सहजासहजी स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली पडण्यात, जात नाही. यंदा तू एकआसनी घेणार आहेस, त्यावर हा भरवसा ठेवू नकोस. क्लबात स्पिन शिकवायला दुसरं दोनआसनी असेल तर भरपूर उंचीवर ते करून घे.

पंख जोडून झाल्यावरची कंट्रोल चेक मात्र कुणावर सोडू नकोस. बाहेर एकाने एलिव्हेटर आणि एलेरॉन (शेपटीवरचे आणि पंखांवरचे हलते फळे) हाताने धरायचे, आत तू स्टिक हलवायची, जोर पोचला पाहिजे. एअरब्रेक बंद झाले की कुलूपबंद झाल्याचा खटका हाताला जाणवला पाहिजे. या वेळी कुणी गप्पा मारायला आलं तर सरळ हाकलून दे, मग तो क्लबचा अध्यक्ष का असेना. आणि मध्येच थांबावं लागलं तर पुन्हा पहिल्यापासून.

माझी चेक फ्लाइट पुढच्या शनिवारी आहे. मागच्या सीटवर माझाच जुना विद्यार्थी बसणार आहे. केबल कधी सोडणार ते मला सांगायचं नाही, एवढी ताकीद मी त्याला देऊन ठेवली आहे.

तुझा,
काका