आयटीआयच्या निदेशकाला कौशल्य विकास खात्यात वरपर्यंत जाता येतं का?

तुमचा प्रश्न असा, की आयटीआयमध्ये निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा, म्हणून लागलेल्या माणसाला खात्यात वरच्या पदापर्यंत जाता येतं का, आणि त्यासाठी काय करावं. मी फिटरचा शिल्प निदेशक म्हणून लागलो आणि सहसंचालक कार्यालयातून निवृत्त झालो. म्हणजे जाता येतं, पण केस पिकतात.

पायऱ्या तुम्हाला माहीत असतीलच: निदेशक, गटनिदेशक, प्राचार्य, जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकारी, सहसंचालक. डिप्लोमावर लागला असाल तर नोकरी करता करता डिग्री घ्या. प्राचार्यपदाच्या एमपीएससीच्या जाहिराती निघतात तेव्हा डिग्रीशिवाय नुसतं बघत बसावं लागतं. मी दोन जाहिराती तशाच घालवल्या. वय बसत असेल तर राज्यसेवेतून कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन अधिकारी होण्याचीही वाट आहे.

पण मला घडवलं ते बीटीआरआयमधल्या, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचं (अप्रेंटिसचं) काम बघणाऱ्या केंद्रातल्या टेबलानं. तिथं कुणी खुशीनं जात नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचेच, कंत्राटी कामगारही त्या हिशेबात धरायचे. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात मी एमआयडीसीतल्या गेटवर स्कूटर लावून तासतासभर बसायचो. एका मालकानं चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, पोरं पाठवू नका. सर्टिफिकेट आहे, पण मायक्रोमीटर वाचता येत नाही."

राग आला. आयटीआयमध्ये येऊन पाहिलं तर मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, कपाटात, कपाटाला कुलूप. निदेशकाला विचारलं. तो म्हणाला, हरवला तर डेडस्टॉक रजिस्टर (संस्थेच्या सामानाची नोंदवही) माझ्या नावावर, वसुली माझ्या पगारातून. त्याचंही खरं होतं. मीही पूर्वी तेच केलं होतं, फक्त विसरलो होतो.

पुढं प्राचार्य झाल्यावर पहिलं काम ते कुलूप काढण्याचं केलं. हत्यारं देण्याघेण्याची वही ठेवली, प्रत्येक पोराची सही घ्यायला लावली, आणि काही हरवलं तर चौकशीची टिप्पणी मी स्वतः लिहीन असं सगळ्यांसमोर सांगितलं. वर्षभरात एक व्हर्नियर, तेही मापाचंच हत्यार, गेला. त्याची टिप्पणी लिहायला मला तीन दिवस लागले. तोच मालक नंतर आमच्या संस्था व्यवस्थापन समितीवर आला आणि कॅम्पसला स्वतः पोरं निवडायला लागला.

तेव्हा बदलीचे पर्याय भरताना एकदा तरी बीटीआरआय लिहा. बायको विचारेल, सगळे टाळतात ते तुम्ही का मागताय. माझ्याही बायकोनं विचारलं होतं.