पंचायतीतला सत्यनारायण आणि राष्ट्रगीताचा मेमो: आक्षेप कसा घ्यावा?

गोव्यातल्या तुमच्या पंचायतीत दरवर्षी सत्यनारायण होतो. यंदा 'सर्व कर्मचाऱ्यांनी हजर राहावे' असे सचिवाच्या सहीचे पत्रक निघाले आणि पंधरा ऑगस्टला राष्ट्रगीत गायले नाही म्हणून शिपायाला मेमो मिळाला. हे कायद्यात बसते का, असे तुम्ही विचारता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका अर्जात कोंबू नका.

नुसत्या पूजेविरुद्ध कोर्टात गेलात तर हात हलवत परत याल. न्यायालयाच्याच नव्या इमारतीच्या भूमिपूजनाला आक्षेप घेणारी याचिका गुजरात उच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली, वर याचिकाकर्त्याला २०,००० रुपये भरायला लावले. सरपंचाने जत्रेत पालखीला खांदा दिला किंवा चर्चच्या फेस्ताला पुढच्या बाकावर बसला, तर तो त्याचा प्रश्न. खरा दोष त्या पत्रकात आहे. राज्यघटनेच्या कलम २५ मधल्या श्रद्धेच्या स्वातंत्र्यात न येण्याचे स्वातंत्र्यही धरलेले आहे. लेटरहेडवरची हजेरीची सक्ती त्याच्या आड येते.

खर्चाच्या बाबतीत बहुतेक जण कलम २७ (एखाद्या धर्मासाठी कर भरायची सक्ती नको, असे सांगणारे) पुढे करतात आणि तिथेच फसतात. हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले, की कराचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी गेला तरच हे कलम लागते. प्रसादाच्या रवा-साखरेने ते मोडत नाही. त्यापेक्षा तो खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकला ते शोधा. 'किरकोळ' किंवा 'सभा खर्च' असे दाखवले असेल तर तो लेखापरीक्षणाचा मुद्दा होतो, आणि त्याला सचिव कोर्टापेक्षा जास्त घाबरतो.

माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी १० रुपये. 'पूजा का केली?' असे विचारू नका. 'का' ही माहिती नव्हे, म्हणून अर्ज तिथेच अडतो. पत्रकाची, त्यासंबंधीच्या ठरावाची, त्या आठवड्याच्या कॅशबुकाची आणि व्हाउचरांची प्रमाणित प्रत मागा, तारखांसह. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत गटविकास अधिकाऱ्याकडे पहिले अपील, मग ९० दिवसांत पणजीला राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

मेमोचे उत्तर मात्र शिपायानेच, दिलेल्या मुदतीत द्यावे. आधार १९८६ च्या बिजो इमॅन्युएल निकालाचा. केरळातली तीन मुले धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नव्हती, पण आदराने उभी राहत. शाळेने त्यांना काढले ते सर्वोच्च न्यायालयाने चूक ठरवले. गायची सक्ती करणारा कायदाच नाही, असे त्यात म्हटले आहे. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदाही मुद्दाम गाणे रोखणाऱ्याला किंवा गाणाऱ्या जमावात गोंधळ घालणाऱ्याला शिक्षा सांगतो, गप्प उभ्या राहणाऱ्याला नाही.

एक मात्र बघा: तो खरोखर उभा होता ना? खुर्चीत बसून फोन बघत असेल तर हा निकाल त्याच्या कामाचा नाही. उभा असेल, तर शेजारी उभे असलेल्या दोघांची नावे उत्तरात लिहा आणि प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.