नवा मुख्य प्रशिक्षक कोण? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघात सेटर (फटक्यासाठी चेंडू उचलून देणारी खेळाडू) असून हे तिचे दुसरे वर्ष आहे. पुष्कळ वर्षे संघ सांभाळणाऱ्या मुख्य प्रशिक्षकांनी मोसम संपताच निवृत्ती जाहीर केली आणि तेव्हापासून रोज एक नवे नाव कानावर येते. कुणी म्हणते, मोठ्या संघाचा नामवंत प्रशिक्षक येणार. कुणी म्हणते, सध्याच्या सहायक प्रशिक्षिकेलाच बढती मिळणार. पुण्याहून तिचे आजी-आजोबाही हेच विचारतात. या तर्कांवर कितपत विसंबावे? काही मैत्रिणी संघ बदलण्याच्या गोष्टी करीत आहेत. तिनेही तसे करावे का?
— एक आई, ओहायो

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अधिक निकडीचे आहे. नव्या प्रशिक्षकाचे नाव जाहीर होईपर्यंत आणि तो मुलीशी एकदा समोरासमोर बोलेपर्यंत तिने संघ सोडण्याचा निर्णय घेऊ नये. मुख्य प्रशिक्षक गेल्यावर त्या संघातील खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या अधिकृत यादीत, नाव नोंदवण्यासाठी नेहमीच्या मुदतीशिवाय वेगळी मुदत मिळते. या मुदतीचे नियम अलीकडे वारंवार बदलत असल्याने तिची नेमकी शेवटची तारीख विद्यापीठाच्या क्रीडा विभागातील नियमपालन कार्यालयाकडून लेखी मागून घ्यावी. हा अवधी विचार करण्यासाठीच आहे. एकदा नाव नोंदवले की सध्याच्या विद्यापीठावर पुढील शिष्यवृत्तीचे बंधन राहीलच असे नाही, म्हणून मैत्रिणींच्या सोबतीने घेण्यासारखा हा निर्णय नाही. शिष्यवृत्तीचा करार विद्यापीठाशी असतो, प्रशिक्षकाशी नसतो. त्यामुळे प्रशिक्षक गेल्याने चालू वर्षाची शिष्यवृत्ती आपोआप जात नाही. याविषयी तिने निश्चिंत राहावे.

आता तर्कांविषयी. अशा काळात फिरणाऱ्या नावांचे मूळ पाहावे. काही नावे चाहत्यांच्या इच्छेतून येतात. काही नावे त्या प्रशिक्षकाच्या प्रतिनिधीकडूनच पुढे केली जातात, जेणेकरून सध्याच्या विद्यापीठाने घाबरून त्याचा करार वाढवावा. खरोखर विचाराधीन असलेली नावे बहुधा सर्वांत कमी ऐकू येतात, कारण दुसऱ्या विद्यापीठात काम करणाऱ्या प्रशिक्षकाला तिथल्या खेळाडूंसमोर ही बोलणी उघड होणे परवडत नाही. एखादे नाव शक्य कोटीतले आहे की नाही हे तपासायचे असेल, तर त्याचा करार पाहावा. सरकारी विद्यापीठांतील प्रशिक्षकांचे करार हे सहसा सार्वजनिक दस्तऐवज असतात आणि मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास किती भरपाई द्यावी लागेल हे त्यांत नमूद असते. ती रक्कम मोठी असेल आणि आपले विद्यापीठ व्हॉलीबॉलवर फारसा खर्च करणारे नसेल, तर त्या नावावर चर्चा करण्यात अर्थ नाही. पदाची जाहिरात निघाली म्हणजे निर्णय झालेला नाही, असेही समजू नये. अनेक ठिकाणी जाहिरात देणे नियमाने बंधनकारक असते आणि ती निघते तेव्हा क्रीडा विभागाच्या संचालकांच्या मनात एक-दोन नावे आधीच पक्की असतात.

याचे अलीकडचे ठळक उदाहरण नेब्रास्का विद्यापीठाचे आहे. जॉन कुक यांनी तेथे २००० ते २०२४ असे पंचवीस मोसम महिला संघ सांभाळला आणि २०००, २००६, २०१५ व २०१७ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा देशभर अंदाज बांधायला लोकांना फार वेळ मिळालाच नाही, कारण लगोलग डॅनी बुसबूम केली यांचे नाव जाहीर झाले. त्या मूळच्या नेब्रास्काच्या. २००६ च्या विजेत्या संघात त्या लिबेरो (केवळ बचावाची खेळाडू) होत्या आणि २०१५ च्या विजेतेपदाच्या वेळी कुक यांच्या सहायक होत्या. २०१७ पासून त्यांनी लुइव्हिल विद्यापीठाचा संघ घडवला आणि २०२२ व २०२४ या दोन्ही वर्षी त्याला अंतिम सामन्यापर्यंत नेले. ज्यांनी हा प्रवास पाहिला होता, त्यांना बाहेरच्या कुणाचे नाव सुचण्याचे कारण नव्हते.

स्वतः कुक यांचीही वाट हीच होती. नेब्रास्काचे आधीचे मुख्य प्रशिक्षक टेरी पेटिट यांचे सहायक म्हणून काम केल्यानंतर ते १९९२ मध्ये विस्कॉन्सिनचे मुख्य प्रशिक्षक झाले, १९९९ मध्ये पेटिट यांच्या हाताखाली परत आले आणि पेटिट निवृत्त झाल्यावर पहिल्याच मोसमात एकही सामना न गमावता विजेते ठरले. तेव्हा आपल्या मुलीच्या विद्यापीठाबाबत अंदाज बांधायचाच असेल, तर सर्वांत नामवंत प्रशिक्षक कोण, हा प्रश्न बाजूला ठेवून वेगळाच प्रश्न विचारावा : या संघात पूर्वी खेळलेले किंवा सहायक राहिलेले आणि आज दुसरीकडे स्वतंत्रपणे संघ चालवून दाखवलेले कोण आहे? माझ्या मते उत्तर तिथे सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते.

प्रश्न : आपण मागे एका उत्तरात लिहिले होते की अमेरिकेतील विद्यापीठे बहुधा आपल्याच माजी खेळाडूंना प्रशिक्षक नेमतात. मी महाविद्यालयात असताना व्हॉलीबॉल खेळलो आहे. आमच्याकडे क्रीडा संचालकच सगळ्या खेळांचे पाहत आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेपूर्वीच्या शिबिरापुरता प्रशिक्षक मिळे. तेथे एका पदासाठी एवढी चर्चा का होते, आणि घरचाच माणूस नेमणे ही वशिलेबाजी नव्हे काय?
— एक माजी खेळाडू, सांगली

उत्तर : चर्चा एवढी का, हे एका आकड्यावरून कळेल. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाने आपल्या फुटबॉलच्या मैदानावर महिलांचा व्हॉलीबॉल सामना भरवला आणि तो पाहायला ९२,००३ प्रेक्षक आले. तेथे घरच्या मैदानावरील सामन्यांची तिकिटे २००१ पासून सातत्याने संपत आली आहेत. अशा ठिकाणी मुख्य प्रशिक्षक हा बारमाही, पूर्णवेळ पदाधिकारी असतो. शाळकरी मुलींतून खेळाडू हेरणे, त्यांच्या कुटुंबांशी बोलणे, सहायक निवडणे, आणि आता खेळाडूंना विद्यापीठाकडून थेट मिळणाऱ्या पैशांची वाटणी ठरवणे, ही सारी कामे त्याची. शाळकरी खेळाडूशी प्रशिक्षकाने थेट संपर्क साधण्याची परवानगी तिचे दहावीचे वर्ष संपल्यावर १५ जूनपासून मिळते. म्हणजे आज संघात येणाऱ्या मुलीने सुमारे दोन वर्षे एका विशिष्ट माणसाचा शब्द ऐकून निर्णय घेतलेला असतो. तो माणूस गेला की त्या शब्दाचे काय, ही खरी काळजी असते, आणि ती मला अगदी रास्त वाटते. आपल्याकडे शिबिरापुरता येणारा प्रशिक्षक बदलला तरी खेळाडूच्या आयुष्याची दिशा बदलत नाही. तेथे ती बदलू शकते.

वशिलेबाजीचा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे. केवळ जुना विद्यार्थी म्हणून पद दिले तर ती वशिलेबाजीच. पण यशस्वी ठरलेल्या नेमणुका पाहिल्या तर त्यांत मधला एक टप्पा बहुधा दिसतो, तो म्हणजे परगावी जाऊन स्वतःच्या बळावर केलेले काम. पेन स्टेट विद्यापीठाचे रस रोज हे १९७९ ते २०२१ असे ४३ मोसम मुख्य प्रशिक्षक होते. सात राष्ट्रीय विजेतेपदे, १,३३० विजय आणि २००७ ते २०१० या काळात सलग १०९ सामने जिंकण्याचा विक्रम, एवढा वारसा मागे ठेवून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांची जागा कोण घेणार याविषयी साहजिकच मोठे कुतूहल होते. विद्यापीठाने केटी शूमाकर-कॉली यांना नेमले. १९९९ मध्ये रोज यांना पहिले विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघात त्या खेळल्या होत्या आणि २०१८ पासून त्यांच्या सहायक होत्या, म्हणून काहींना ही सोयीची निवड वाटली असेल. परंतु त्याआधी त्यांनी शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात आठ वर्षे आणि नंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केले होते. मोठे नाव, मोठा निधी किंवा भरलेले प्रेक्षागार यांपैकी काही हाताशी नसताना संघ चालवणे म्हणजे काय, हे त्या तेथे शिकल्या.

पुढे काय घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. उपचार चालू ठेवून त्या मोसमभर संघासोबत राहिल्या. उपांत्य सामन्यात पेन स्टेटने नेब्रास्काविरुद्ध पहिले दोन सेट गमावले आणि उरलेले तिन्ही जिंकले. २२ डिसेंबर २०२४ रोजी लुइव्हिल शहरातच लुइव्हिल विद्यापीठाला ३-१ असे हरवून त्यांनी विजेतेपद मिळवले. त्या अंतिम सामन्यात समोरच्या बाकावर वर उल्लेखलेल्या बुसबूम केली होत्या. एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतील महिला व्हॉलीबॉलचे विजेतेपद एका स्त्री मुख्य प्रशिक्षकाने मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि दोन्ही बाजूंना स्त्रियाच असल्याने निकाल काहीही लागला असता तरी हा इतिहास त्या दिवशी घडणारच होता.

हवाई विद्यापीठाचे उदाहरणही याच जातीचे आहे. डेव्ह शोजी ४२ मोसमांनंतर २०१७ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी त्यांचीच पूर्वीची सेटर रॉबिन आह मो आली. तिच्या पाठीशी तीन ऑलिंपिकचा अनुभव आणि २००८ चे रौप्यपदक होते. बेटावर वाढलेल्या खेळाडूंना आणि तेथील प्रेक्षकांना ओळखणारी व्यक्ती हवी, हा तिथल्या लोकांचा आग्रह मला समजतो.

तरीही याला नियम म्हणू नये. स्टॅनफर्डने दोनदा बाहेरचा माणूस आणला आणि दोन्ही वेळा त्याचे चीज झाले. २००१ मध्ये पॅसिफिक विद्यापीठातून आलेल्या जॉन डनिंग यांनी पहिल्याच वर्षी विजेतेपद पटकावले. २०१६ चे विजेतेपद मिळवून ते निवृत्त झाल्यावर इलिनॉयचे केव्हिन हॅम्बली आले आणि २०१८ व २०१९ असे सलग दोनदा जिंकले. हॅम्बली यांच्या हाती उत्तम खेळाडू आयते आले होते, असे म्हणणारे भेटतात. खेळाडू आले होते हे खरे. पण प्रशिक्षक बदलल्यावर त्यांना एकत्र टिकवणे हेच नव्या माणसाचे पहिले आणि सर्वांत अवघड काम असते, आणि ते हॅम्बली यांनी केले.

प्रश्न : महिला संघासाठी स्त्री प्रशिक्षकच नेमावी, अशी मागणी आमच्या विद्यापीठात काही माजी खेळाडूंनी केली आहे. ती योग्य आहे का?
— एक विद्यार्थिनी, टेक्सास

उत्तर : या मागणीमागची वेदना खरी आहे. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा टायटल नाइन हा कायदा झाला, त्यापूर्वी अमेरिकी महाविद्यालयांतील महिला संघांच्या प्रशिक्षकांमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. कायद्यामुळे महिला संघांना पैसा आणि प्रतिष्ठा मिळाली, पदे पगारी झाली, आणि मग त्यांवर मोठ्या संख्येने पुरुष आले. स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या खाली गेले. फ्लोरिडाच्या मेरी वाइज २००३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये अंतिम सामन्यात हरल्या. २०२५ च्या जानेवारीत त्या निवृत्त झाल्या, त्याच्या महिनाभर आधी त्यांना हुलकावणी देणारे विजेतेपद दुसऱ्या एका स्त्रीने मिळवले होते. वाइज यांच्या जागी मार्केट विद्यापीठाचे रायन थीस हे पुरुष प्रशिक्षक आले, आणि त्यांच्या क्षमतेविषयी मला शंका नाही.

माझे मत असे की अंतिम निवडीच्या दिवशी ‘स्त्रीच हवी’ असा आग्रह धरण्यापेक्षा सहायकांच्या नेमणुकीच्या वेळी तो धरावा. बुसबूम केली आणि शूमाकर-कॉली या दोघीही आधी सहायक होत्या. ती पहिली दारे उघडली नसती तर पुढच्या यादीत त्यांची नावे कुणी घेतलीच नसती. आपल्या संघाच्या बाकावर आज किती स्त्री सहायक आहेत, त्यांपैकी कुणाला खेळाडू निवडीचे किंवा सामन्यातील डावपेचांचे स्वतंत्र काम दिले जाते, हे माजी खेळाडूंनी संचालकांना विचारावे. नवा मुख्य प्रशिक्षक स्त्री असो वा पुरुष, हाच प्रश्न त्यालाही पहिल्या भेटीत विचारावा.

प्रश्न : आमच्या ओळखीची एक मुलगी ज्या संघात जाणार आहे, तेथे सहयोगी मुख्य प्रशिक्षकालाच बढती मिळेल अशी कुजबुज आहे. तडजोड म्हणून केलेली अशी नेमणूक टिकते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तिला तडजोड म्हणण्याची घाई नको. बुसबूम केली नेब्रास्काला गेल्यावर लुइव्हिलने २०१७ पासून त्यांच्यासोबत असलेल्या डॅन मेस्के यांना लगेच मुख्य प्रशिक्षक केले. ज्यांनी त्या मुलींना निवडले, घडवले आणि अंतिम सामन्यापर्यंत आणले, त्यांतला एक माणूस जागेवर राहिला म्हणजे खेळाडूंच्या घरी दुसऱ्या संघांकडून जाणारे फोन कमी होतात. आपल्या ओळखीच्या मुलीने एवढेच पाहावे की तिच्याशी आजवर प्रत्यक्ष बोलणारी, तिचे सामने पाहायला येणारी व्यक्ती कोण होती. ती व्यक्ती हीच सहयोगी प्रशिक्षक असेल, तर तिच्या दृष्टीने फारसे काही बदललेले नाही.