डबक्याकाठी पालथं पडून

बाळा, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले बेडकांचे फोटो दोनदा पाहिले. सगळे उभ्यानं, वरून काढलेत. नखाएवढा जीव वरून मातीच्या ढेकळासारखाच दिसतो. खताची रिकामी गोणी अंथर, पालथं पड आणि कॅमेरा पाण्याच्या पातळीला आण.

अभयारण्यात रात्री शिरू नकोस, तशी गरजही नाही. मृगाचा पाऊस झाला की रावेरकडच्या एखाद्या केळीबागेत मालकाला विचारून जा. बांधालगतचं एक डबकं पुरे. गमबूट हवेतच. पाऊल टाकण्याआधी तिथं बॅटरी मार; घोणस, मण्यार याच दिवसांत फिरतात.

मायक्रोहायला या चिमुकल्या बेडकाचा आवाज इतका दांडगा, की बेडूक मुठीएवढा असेल असं वाटतं. सापडतो तो जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, गवताच्या मुळाशी. तू जवळ गेलास की सगळं डबकं गप्प होईल. बॅटरी विझव आणि हलू नकोस. थोड्या वेळानं एक नर सुरू करेल, मग बाकीचे. गळ्याखालची पिशवी फुगते, तेव्हा ती त्याच्या डोक्यापेक्षा मोठी दिसते. फोटो त्या क्षणाचा.

जवळून फोटो काढायची शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, अ‍ॅपर्चर एफ अकरा, शटर सेकंदाचा दोनशेवा भाग. इतक्या जवळून फोकस मिलिमीटरभरच मिळतो, तो डोळ्यावर ठेव. रिंग फिरवत बसू नकोस, अंगच किंचित पुढेमागे कर. ओल्या कातडीवर फ्लॅशचे पांढरे डाग पडतात, म्हणून पुढे बटर पेपर लाव.

बेडकाला उचलू मात्र नकोस. तरुणपणी मी असाच एक गाणारा नर चिखलातून उचलून केळीच्या पानावर ठेवला. हिरवी पार्श्वभूमी, झकास फोटो. तो गायचा थांबला, पानावर तसाच चिकटून राहिला. मादीला साद घालायच्या त्याच्या वर्षभरातल्या मोजक्या रात्रींपैकी एक मी खाल्ली. तो फोटो मी कुणाला दाखवत नाही. शिवाय बेडूक कातडीतूनच पाणी पितो, श्वासही घेतो. हाताला लावलेलं डासांचं मलम थेट त्याच्या अंगात जातं.

परतताना पाण्यावर अंड्यांचा पातळ पापुद्रा तरंगताना दिसेल. त्याला वळसा घालून ये. दोन-तीन दिवसांनी तिथंच पुन्हा जा, काचेसारखे बेडूकमासे असतील. डबकं आटायच्या आत त्यांचेही फोटो काढून मला पाठव.

तुझा,
काका